बाहेरून सांगायचं नाही

सल्ला न देणारा माणूस जगात विरळा, हे मला मान्य आहे. पण सल्ला न घेणारा माणूस असू शकतो, हे माझ्या बायकोचे थोरले मामा भेटेपर्यंत कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं. मी स्वतः साधी छत्री घेताना दुकानदाराला विचारतो, बायकोला विचारतो आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गिऱ्हाइकालाही विचारतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेण्यापूर्वी मेडिकलवाल्याचं मत घेतो आणि घेतल्यावर आईला फोन करतो. मामांनी कोणाला रस्ता विचारलेला कोणी पाहिलेलं नाही. आमटीत मीठ किती, शर्ट शोभतो का, पाऊस येईल का, यातलं काहीही त्यांनी कधी कोणाला विचारलेलं नाही. 'मला वाटतं, तुम्ही...' अशी सुरुवात त्यांच्यासमोर ज्यांनी ज्यांनी केली, त्यांची ती वाक्यं अजून अर्धवटच पडलेली आहेत. मामा नुसता हात वर करतात, तळवा समोरच्याच्या तोंडाकडे, आणि शांतपणे म्हणतात, "बाहेरून सांगायचं नाही."

त्यांची माझी पहिली भेट मी विसरणं शक्य नाही. लग्न नुकतंच ठरलं होतं. मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावर राहणारा, मूळचा घाटावरचा. बायकोचं आजोळ वसईजवळच्या होळी नावाच्या गावात. पानवेली, केळी, सोनचाफा आणि त्यामधून एक रिक्षा जेमतेम जाईल असा रस्ता. मी पोचलो तेव्हा मामा आपली जुनी व्हॅन मागे घेत होते. आता आपल्याकडे कोणी गाडी मागे घेऊ लागलं की मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे' असं ओरडणं हा साधा शिष्टाचार आहे. होणाऱ्या जावयाने तर तो पाळायलाच हवा. मी ओरडलो. मामांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "जावई, गाडी कोण चालवतंय?" मी म्हटलं, "तुम्ही." "मग?" एवढं बोलून ते परत आत बसले आणि व्हॅन त्यांनी सरळ बावखलात घातली. बावखल म्हणजे वसईच्या बागायती वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. मागची दोन्ही चाकं पाण्यात, दिवे बेडकांच्या संगतीत, आणि मी काठावर तोंडाचा आ वासून उभा. मामा खिडकीतून बाहेर आले, पायजमा पिळला आणि समाधानाने म्हणाले, "गेली. पण कोणाच्या सांगण्यावरून नाही गेली." माझी होणारी बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "तुला हे सांगायचंच राहिलं."

या सगळ्याचं मूळ टेनिसमध्ये आहे. ज्या गावात क्रिकेटसुद्धा चेंडू पानमळ्यात जाईल म्हणून जपून खेळतात, तिथे टेनिस आलं कुठून, असं कोणीही विचारेल. मामा मुंबईत एका क्लबाच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. मामांनी क्लबाने टाकून द्यायला काढलेलं नेट आणलं. आणि घरामागची केळीची बाग तोडून तिथे कोर्ट केलं. घडाला आलेल्या केळी! वाडीवाल्या घरात जन्मलेला माणूस घडासकट केळ तोडतो हे ऐकून मला घाम फुटला होता. "मामी काही बोलल्या नाहीत?" मी बायकोला विचारलं. "मामी कधी बोलते?" ती म्हणाली. कोर्ट मातीचं. दरवर्षी मामा तिथे स्पर्धा भरवतात, आणि तिच्याआधी गावातल्या बायका येऊन ते अंगणासारखं शेणाने सारवतात, आणि वाळलं की मामी चुन्याच्या रेषा ओढतात. रांगोळीचा हात असल्यामुळे त्यांना दोरी लागत नाही. रेषा ओढून झाल्या की मामी जाळीच्या कुंपणापलीकडे खुर्ची टाकून मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसतात, आणि स्पर्धा संपेपर्यंत तिथून हलत नाहीत. रेषांच्या आत मात्र मामांचं राज्य आणि त्या राज्याचा एकच कायदा, टेनिसच्याच नियमांतून घेतलेला. खेळाडू एकदा आत गेला की त्याला आई नाही, बाप नाही, गुरू नाही. त्याने कुंपणाकडे बघायचं नाही आणि कुंपणाने त्याला काही सांगायचं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मामांनी तो कायदा कोर्टाबाहेर आणला आणि तिथून माझ्यासारख्याची झोप उडायला सुरुवात झाली. नातीच्या दहावीच्या परीक्षेला मामा तिला केंद्रावर सोडायला गेले, तेव्हा इतर मुलांचे बाप 'शांतपणे लिही, पेपर आधी पूर्ण वाच' वगैरे सांगत होते. मामा फाटकाशी पाठ करून उभे राहिले. 'नीट लिही' हेही त्यांच्या मते कोचिंगच. मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई तर त्यांची हाडवैरीण. एकदा आम्ही सगळे अर्नाळ्याला निघालो होतो. ती बाई 'उजवीकडे वळा' म्हणाली. मामांनी गाडी थांबवून तिला गप्प करायला लावलं आणि मग स्वतःच्या अकलेने डावीकडे वळले. दुपारचं जेवण आम्ही नालासोपाऱ्याच्या एका हॉटेलात केलं, आणि समुद्र पाहायला निघालेल्या माझ्या मुलाने त्या दिवशी फक्त उड्डाणपूल पाहिला. सत्यनारायणाच्या पूजेचं तर सांगूच नये. पूजा म्हणजे भटजींनी सांगायचं आणि यजमानाने करायचं. पळी घ्या, पाणी सोडा, अक्षता वाहा. मामांना हे समजलं तसे ते भडकले. आठवडाभर पोथी पाठ केली आणि पूजेच्या दिवशी भटजींना पाटावर बसवून हात वर केला, "गुरुजी, बाहेरून सांगायचं नाही." सगळी पूजा मामांनी एकट्याने केली. मध्ये दोनदा चुकले, गणपतीची सुपारी भलत्याच देवाच्या जागी ठेवली, आणि भटजी बिचारे ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून बघत राहिले. दक्षिणा घेतानाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

मामा अंपायर असले की बघायला येणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नसे. पानवेलीची पानं खुडायची उंच शिडी ते कोर्टाशेजारी लावत आणि तिच्यावर बसत. शिडीवरून त्यांना चेंडूपेक्षा कुंपणच जास्त दिसे. खेळणाऱ्या पोरीच्या बापाने कान खाजवला तर तो इशारा. मावशी खोकली तर तीही इशारा. एका बिचाऱ्या काकांना मामांनी पूर्ण सामनाभर हात मागे बांधून उभं केलं होतं, आणि ते काका नुसते रस्त्याने चालले होते, त्यांचं कोणीही खेळत नव्हतं. बाया-माणसं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ बसत. टाळी वाजवायची ती पॉईंट संपल्यावर, आणि दोन्ही बाजूंना सारखी. मला वाटायचं, एवढा धाक असेल तर कोण येईल? पण होळीतली, वसई गावातली, पाचूबंदरची माणसं दरवर्षी हौसेने येत. एवढा गप्पपणा त्यांना दुसरीकडे कुठे मिळत नसावा.

पाचूबंदरहून इनास येत असे. मामांचा जन्माचा प्रतिस्पर्धी. पूर्वी स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, आता होडी पोरगा बघतो. उन्हाने रापलेला, बसक्या आवाजाचा, आणि कोर्टावर अनवाणी. म्हाताऱ्यांचा अंतिम सामना दरवर्षी या दोघांतच होई आणि सामन्यानंतरच्या चहावर दरवर्षी तेच भांडण. "अरे, माज्या होडीवर वीस वर्सं मी बोंबललो म्हनून मानसं घरी आली," इनास म्हणायचा. "दर्यात कोन गप बसतो? पानी चढतं तवा सांगायचं नाय तर कवा सांगायचं?" मामा म्हणायचे, "होडीत दहाजण असतात रे. इथे एकटा असतो. एकट्याला एकटं सोडा की!" मी एकदा मामांना विचारलं होतं, एवढं काय आहे त्या एकटेपणात? ते नेटची दोरी बांधत होते. म्हणाले, "माझ्या बापाने मला सगळं सांगितलं. कुठल्या वाफ्याला आधी पाणी सोडायचं, कोयता कसा धरायचा, नोकरी कुठली धरायची. मुलगीसुद्धा त्यांनीच पसंत केली. ती चांगली निघाली, तो भाग वेगळा. क्लबात एकदा एका साहेबाचा जोडीदार आला नाही, मला म्हणाले, तू उभा राहा. उभा राहिलो. चेंडू आला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुठे मारू? कोणी बोलेना. मारला, तो नेटमध्ये गेला." मामा दोरी बांधायचे थांबले. "पण जावई, तो मी घातला होता." त्या दिवसानंतर मी मामांना हसायचं कमी केलं. पूर्ण बंद करणं शक्य नव्हतं.

मग मामांचं हृदय बिघडलं. जिना चढताना दम लागायला लागला, एकदा वाडीत पाणी सोडता सोडता ते बांधावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. वसईतल्या डॉक्टरांकडे त्यांना मी घेऊन गेलो, म्हणजे ते स्वतः आले आणि मी मागून गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि तोपर्यंत टेनिस पूर्ण बंद. "पूर्ण म्हणजे पूर्ण," ते म्हणाले, "कोर्टावर काहीही होऊ शकतं." मामांनी हात वर केला. डॉक्टर पुढे बोलतच राहिले, त्यांना त्या हाताचा अर्थ माहीत नव्हता. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण हे कोचिंग झालं."  त्यांच्या मुलीने फोनवर रडून सांगितलं, माझ्या बायकोने जेवण सोडण्याची धमकी दिली, इनासने चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि वर दमही दिला. मामांचं उत्तर सगळ्यांना एकच. शेवटी मी मामींकडे गेलो. म्हटलं, "मामी, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतील." मामी कळ्या ओवत होत्या. म्हणाल्या, "लग्न झालं त्या आठवड्यात ते मला म्हणाले, मी विचारीन तेव्हा सांग, नाहीतर नको. मी हो म्हटलं." "मग?" "मग काय? अजून विचारलं नाही."  एवढा संसार, मुलं, लग्नकार्यं, केळीची बाग, आणि या बाईला कोणी काही विचारलेलंच नव्हतं! आणि विचारलं नाही म्हणून ती आता नवऱ्याला मरू देणार होती की काय?

अशात ती बातमी आली. माझ्या मोबाइलवर दिसली आणि मी तशीच मामांना नेऊन दाखवली. जगातल्या टेनिसमध्ये आता सामना चालू असताना कोचने खेळाडूला सांगितलेलं चालणार होतं. नियमच तसा झाला होता. मामांनी चष्मा पुसून बातमी वाचली. परत वाचली. मग मोबाइल माझ्या हातात देऊन मोरीत गेले आणि डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ केली. मला वाटलं, उकडत असेल. पण बाहेर आले ते कपाळाला गंध न लावता सोप्यावर भिंतीशी घोंगडी टाकून बसले. देवपूजा बंद. फोडणी बंद. मी हबकलोच. मामा सुतक पाळत होते! वाडीतल्या माणसांना वाटलं घरात कोणी गेलं. बायका पदर सावरत येऊ लागल्या. दुपारी पाचूबंदरहून इनास आला, या उन्हात काळा कोट घालून, केस पाण्याने चापून बसवलेले. दारातूनच त्याने खालच्या आवाजात विचारलं, "कोन गेला?" मामा म्हणाले, "टेनिस." इनासला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. त्यातलं सभ्य तेवढं असं होतं, "माजी बायको रडत बसलीया घरी. मला कोट घालून पाठवला तिनं. लगनानंतर पयल्यांदा घातला मी हा कोट!" पण मग त्यानेही कोट काढला आणि मामांच्या शेजारी भुईवर बसून राहिला. वाद तो जिंकला होता, तरी हसला नाही.

तिसऱ्या दिवशी मामा उठले, दाढी केली आणि म्हणाले, "नियम झाला ना? मग पाळायचा. आपल्याला आवडतो म्हणून नियम पाळत नाहीत." मला दुसरा धक्का बसला. वाटलं होतं, होळीत तरी जुना नियम चालू ठेवतील. पण मामांना नियमाबाहेर जगता येत नाही, मग तो नियम त्यांच्या उरावर बसलेला का असेना. त्या वर्षीच्या स्पर्धेसाठी त्यांनी नियमाची आपली आवृत्ती केली. प्रत्येक खेळाडूचा एकच कोच, तो कुंपणापाशी बसणार. बाजू बदलताना खेळाडूने त्याच्यापाशी जाऊन विचारायचं, "काही सांगायचंय?" कोचला सांगायचं असेल तर सांगेल, नाहीतर 'नाही' म्हणेल. विचारणं मात्र सक्तीचं. झालं! इतक्या वर्षांचा तुंबलेला गाव फुटला. कोच एकच असला तरी त्याच्या मागे त्याचे सल्लागार उभे. एका पोराला बाजू बदलताना आई म्हणाली पाणी पी, बाप म्हणाला पाणी पिऊ नको, आजीने तोंडात चिकी कोंबली आणि काकाने व्हिडिओ कॉलवर दुबईच्या चुलत्याला दाखवला. ते पोर पुढच्या गेममध्ये आपल्याच बाजूच्या रेषेवर उभं राहून 'मी कुठे मारू' असं कुंपणाला विचारायला लागलं. मामा शिडीवर डोळे मिटून बसले होते.

आणि मग त्यांचा स्वतःचा सामना आला. आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून पाहिलं. मामांनी पांढरी हाफ पँट चढवली, बूट बांधले, आणि मला म्हणाले, "शिडीवर तू बस." मी! ज्याला बिस्किटाचा पुडा निवडता येत नाही, तो अंपायर! इनास आधी खेळायला तयार नव्हता. मामा त्याला म्हणाले, "तू नाही आलास तर मी भिंतीशी खेळेन, ती जास्त पळवते." तेव्हा तो मुकाट उभा राहिला आणि मामांना पळावं लागू नये म्हणून सगळे चेंडू त्यांच्या पुढ्यात आणून टाकू लागला. त्याने कोच म्हणून धाकट्या भावाचं नाव दिलं. "तुमचा कोच?" मी शिडीवरून विचारलं. मामांनी पूर्ण कोर्टभर ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या घरातली." सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. मामींच्या हातातली सुई थांबली आणि परत चालू लागली. मामांचा हिशेब माझ्या लक्षात आला. नियम तर पाळायचा आणि सल्लाही नको, मग जी कधी बोललीच नाही तिच्याइतका बिनधोक कोच कोण? दर वेळी बाजू बदलताना मामा कुंपणापाशी जात, शाळेतल्या पोरासारखं "काही सांगायचंय?" म्हणत, मामी मान न उचलता "नाही" म्हणत, आणि मामा नियम पाळल्याच्या समाधानात परत येत. पहिला सेट त्यांनी जिंकला. दुसऱ्यातही ते पुढे होते. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि सर्व्हिस करण्याआधी ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहत होते.  मी शिडीवरून सामना थांबवायला तोंड उघडलं, आणि थांबवू का हे कोणाला विचारावं ते शोधत राहिलो. बाजू बदलायची वेळ आली. मामा जाळीला धरत धरत गेले. "काही सांगायचंय?"

"हो," मामी म्हणाल्या.

एवढी शांतता त्या कोर्टावर जुन्या नियमातसुद्धा कधी झाली नव्हती. मामींनी ओवलेला गजरा टोपलीत ठेवला, उठल्या आणि जाळीशी आल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत. पण मी वर होतो, मला ऐकू आलं. "आता पुरे करा. मला मागे एकटीला राहायचं नाही. एवढंच सांगायचं होतं." मामांचा हात वर जायला लागला. तो नेहमीचा तळवा मी पाहिला, आणि तो अर्ध्यावर थांबलेलाही पाहिला. कितीतरी वेळ तो तसाच हवेत होता. मग त्यांनी तो जाळीवर टेकवला, मामींच्या बोटांपाशी. वळले, चालत नेटपर्यंत आले आणि इनाससमोर हात पुढे केला. इनास मागे सरकला. "तू जिंकतो हाय," तो ओरडला. "मी नाय हात देनार! मला फुकटचं नको!" मामा म्हणाले, "दे रे. माझ्या कोचने सांगितलंय." इनासने हात दिला आणि मग सोडलाच नाही. तसाच हात धरून, चुन्याच्या रेषा अनवाणी पायांनी पुसत, त्याने मामांना घरापर्यंत नेलं. त्याच आठवड्यात मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आम्हाला नंतर शांतपणे सांगितलं की तो सेट पुरा झाला असता, तर ऑपरेशन करायची वेळच आली नसती.

आता मामा खेळत नाहीत. आठवड्यातून एकदा मी होळीला जातो तेव्हा ते मागच्या ओट्यावर बसलेले असतात आणि कोर्टावर गावातली पोरं खेळत असतात. घरातही ते काही फार बदललेले नाहीत, अजून मीठ कोणाला विचारत नाहीत. मामींनीही त्या दिवसानंतर काही मनाने सांगितलेलं मी ऐकलं नाही. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा दोन मुली खेळत होत्या. त्यातली एक प्रत्येक पॉईंटनंतर कुंपणाकडे बघायची, तिथे तिचा बाप उभा होता. तो काही बोलत नव्हता, नुसता उभा होता, आणि ती नुसती बघत होती. मला वाटलं, मामा आता चिडणार. पण ते म्हणाले, "जावई, ती बघते बघ. दर वेळी बघते." मी हो म्हटलं.  मामा म्हणाले, "आमची ही तिथेच बसायची. इतकी वर्षं. मी एकदाही बघितलं नाही रे. नियम होता ना."  मागून मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप मामांच्या हातात दिला, तो त्यांनी नीट धरला आहे याची खात्री केली आणि म्हणाल्या, "मी बघत होते की." मामांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि चहाला साय धरली तरी ते बघतच होते.